पंधरा मैलांचं कलम

प्रिय बेरिल,

तुझ्या आईला आता बसचा प्रवास झेपणार नाही, हे आज सकाळी वृद्धाश्रमाच्या मेट्रनबाईंनी मला स्वतः सांगितलं. खुर्चीतून खिडकीपर्यंत, त्यापुढे नाही, असं डॉक्टर म्हणाले. तुला त्या कळवतीलच, पण माझं पत्र आधी पोचावं म्हणून घाईने लिहितेय.

आपल्या पिकरिंग गावातल्या निम्म्या म्हाताऱ्या आता तिथेच आहेत. मंगळवारी मी त्यांचे केस सेट करायला जाते. तुझ्या आईला म्हटलं, ये, तुझेही कापते. तिने डोक्यावरचा रुमाल घट्ट ओढला. "हात लावू नकोस हिल्डा, तू माणसांचे केस कापतेस की मेंढ्यांची लोकर? माझे केस माझी लेक कापते, स्कारबरोला!" सगळ्या हसल्या, मीही हसले. मग बाहेर मेट्रनबाई म्हणाल्या, की तू दर महिन्याला येतेस, आईला बसमध्ये बसवून पंधरा मैलांपलीकडे, तुझ्याकडे स्कारबरोला नेतेस, केस कापून परत आणून सोडतेस. इथेच का कापत नाही, असं विचारलं तर म्हणालीस, "मी सही केलीय."

बेरिल, तू माझ्या दुकानात कामाला लागलीस तेव्हाच्या कागदातलं ते कलम मी मेव्हण्याच्या जनावरांच्या दवाखान्याच्या करारातून उतरवलं होतं. आधीची मुलगी समोरच दुकान थाटून माझी गिऱ्हाइकं घेऊन गेली, त्याची धास्ती. माझं दुकान सोडल्यापासून दहा वर्षं, पंधरा मैलांच्या आत, कोणाच्याही केसांना हात लावायचा नाही. 'पैसे घेऊन वा फुकट' हे माझ्या अकलेचं. तू न वाचताच सही केलीस. "मी कुठे चाललेय, हिल्डा?" म्हणालीस. आणि अकरा वर्षांनी गेलीस.

तू निघालीस त्या आठवड्यात मी मेटकाफ वकिलांकडे गेले होते. ते कागद वाचून हसले. "बाई, तुम्ही केस कापता की सरहद्द राखता? आपल्याकडे दोन शहाणी माणसं राजीखुशीने काय लिहून देतात, त्यात कोर्ट सहसा पडत नाही. पण कुणाचं पोटापाण्याचं कसब गरजेपेक्षा जास्त बांधून घ्याल, तर ते चालत नाही. वर्षभर, याच गावापुरतं लिहिलं असतंत तर कदाचित टिकलं असतं. आता कोर्ट हे कापून बेताचं करून देणार नाही, सगळंच फेकून देईल."

हे मी तुला सांगितलं नाही. उलट बसथांब्यावर येऊन म्हणाले, "सही तुझी आहे, विसरू नकोस." मला वाटलं, पंधरा मैल लांब राहायला कंटाळशील आणि माझ्याकडेच परत येशील. तीन वर्षं तुझी खुर्ची रिकामी आहे. दुपारी मी ड्रायर नुसताच चालू ठेवते, दुकानात काहीतरी आवाज असावा म्हणून.

माफी मागायला लिहीत नाहीये, ती तू द्यावीस असं मी काही केलेलं नाही. लिहितेय ते एवढ्यासाठी, की त्या कागदात कधीच जोर नव्हता. मेटकाफही उद्या तुला तसं लेखी पाठवतील. गुरुवारी अकराला मेट्रनबाई गरम पाणी तयार ठेवतील. मी त्या दिवशी तिकडे फिरकणार नाही. तुझ्या आईला सांगून आलेय. खिडकीजवळून कुणाकुणाला उठवायचं, ते तिने आजच ठरवून टाकलंय.

तुझीच,
हिल्डा