दोघी बहिणी आणि एक टॉवेल

सोमवार, ४ तारीख

बाबा,

नमस्कार. मी मजेत आहे. आत्या मजेत, तिचं घोरणंही मजेत. तुमचा गुडघा कसा आहे? आईला म्हणावं, स्वेटर बरोब्बर बसला.

आत्याने तुमचा निरोप दिला. येत्या रविवारी तुम्ही मला न्यायला येणार, हेडसरांशी बोलणं झालंय, परत वर्गात बसवतील म्हणे. त्याचं सांगते. आधी दुकानातलं ऐका.

ताई, म्हणजे आमच्या मालकीणबाई, आंघोळीला आलेली भित्री कुत्री-मांजरं आता माझ्याच हातात देतात. परवा एक कुत्रा ड्रायरच्या आवाजाने थरथरत होता. जुन्या मोज्याचं टोक कापलं आणि तो मोजा त्याच्या कानांवरून चढवला. दिसत होता म्हातारीसारखा, पण गप उभा राहिला.

गेल्या आठवड्यात मात्र घोळ झाला. एका काकूंच्या दोन मांजरी, सख्ख्या बहिणी. एकीच्या अंगावर तेल सांडलं म्हणून तिला एकटीलाच आणलेली. मी फुलांच्या वासाचा शाम्पू लावून तिला अशी चकाचक केली की विचारू नका. दुसऱ्या दिवशी काकूंचा फोन.

"अगं, मांजर बदलून दिलंस की काय? दुसरी हिला घरात घेईना!"

चूक माझीच. मांजरं वासावरून ओळखतात आणि मी घरचा वासच धुऊन टाकला होता.

ताई म्हणाल्या, "तू धुतलीस, तूच निस्तर."

गेले काकूंकडे. सगळं घर सोफ्यावर रांगेत बसलेलं. धुतलेली बिचारी बाथरूममध्ये कोपऱ्यात, दुसरी दाराबाहेर फिस्कारतेय. मी एकच टॉवेल घेतला. हिला पुसून तिला, तिला पुसून हिला. मग दाराच्या दोन्ही बाजूंना खाणं ठेवलं आणि दार बोटभर उघडं.

काका म्हणाले, "काय गं, जादूटोणा करतेस?"

आणि बाबा, मी बोलले. सगळ्यांसमोर, सलग. हे कशासाठी, मध्ये कोणी हात का घालायचा नाही, सगळं. त्यांचा मुलगा हसायला लागला तर त्यालाही म्हटलं, "हळू, ती घाबरते."

रोज जाऊन तेच केलं. काल दोघी एका खुर्चीत गुंडाळी करून झोपल्या होत्या.

तुम्हाला वाटतं, मला अभ्यासाचा कंटाळा होता. तसं नव्हतं. वाचायला उभं केलं की माझा घसा बंद व्हायचा आणि मागचा अख्खा बाक खिदळायचा. तुम्हाला सांगायला गेले की तुमच्यासमोरही तेच व्हायचं. म्हणून लिहितेय.

अजून एक. मागच्या खेपेला घरी आले तेव्हा तुम्ही म्हणालात, "हिला जनावरांचा वास येतो," आणि खुर्ची लांब ओढलीत. मी गुपचूप परत आंघोळ केली. आता नाही करणार.

शाळेतही परत जाणार नाही. परीक्षा बाहेरून देता येते, ती देईन, ते माझ्यावर सोडा. रविवारी जरूर या, पण न्यायला नको, बघायला या. आत्याकडे नाही, थेट दुकानात. ताईंनी मला खिडकीजवळचं टेबल दिलंय. रविवारी गर्दी असते, हातातलं काम टाकून उठता येणार नाही मला. टेबलाला लागूनच स्टूल ठेवते. तिथेच बसा.

तुमचीच आहे,
बारकी