वजा अठरा

सोताल, अ‍ॅरिझोना
९ डिसेंबर १९८६

ती. हर्मिनियाताईस,
सेल्सोचा शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र आणि तमालेसचा डबा, दोन्ही पोचलं. डबा एका बाजूने चेपला होता, मक्याच्या पानांत गुंडाळलेले तमालेस आत शाबूत होते. चव कशी होती असं विचारशील तर सांगता येणार नाही, पण सगळे संपवले.

ओतिलियाला जाऊन काल आठ आठवडे झाले. तू विचारतेस, बायकोसाठी रडलास का. नाही. दफनाच्या दिवशी सगळे माझ्या तोंडाकडे बघत होते आणि मीही वाट बघत होतो. काही आलं नाही. मला दुःख झालंय हे मला कळतं, पण शेजारच्या गावात पाऊस पडल्याचं कळावं तसं कळतं. अंगावर थेंब नाही.

रोज सकाळी उजाडल्यावर बोट काढतो. गेल्या आठवड्यात सरकारी टँकर येऊन धरणात ट्राउट मासे सोडून गेला, तेव्हापासून धक्क्यावर अर्धं गाव गळ टाकून बसलेलं असतं. मी तिकडे जात नाही. पलीकडच्या कड्याखाली खोल पाण्यात बास मासा असतो, तिथे जातो. थंडीत तो तळाशी नुसता उभा राहतो. झोपत नाही, खात नाही. गळ नाकासमोर नेऊन धरला तरी तोंड उघडत नाही. वेंडेल म्हणतो की या दिवसांत गळ हलवायचाच नाही, त्याच्यासमोर धरून बसून राहायचं, कंटाळून कधीतरी घेईल. (वेंडेल म्हणजे आमच्या मासेमारी क्लबचा अध्यक्ष. माझ्या लग्नात केकवर बसला होता तो.) मी बसून राहतो. बोटं बधिर होतात. मग घरी येतो.

ओतिलियाचे कपडे चर्चला दिले. तिचे कागद, पाककृती, वह्या एका खोक्यात भरून तुला पाठवतो आहे. तिचं अक्षर तुलाच लागायचं. त्यात क्लबच्या झाडांची वहीसुद्धा आहे, ती ठेवून घे. त्यातले आकडे मला पाठ आहेत.

हिवाळा संपला की कायमचा तुझ्याकडे राहायला ये म्हणतेस. बरं. मार्चच्या सुरुवातीला येतो. बोटीला गिऱ्हाईक मिळालं आहे.

तुझी माया आहेच, ती कमी करू नकोस एवढंच.
तुझा,
सेल्सो

लास क्रूसेस, न्यू मेक्सिको
१८ डिसेंबर १९८६

चि. सेल्सो यास,
हर्मिनियाचे अ. उ. आ.

पत्र वाचून आधी आनंदाने उडालेच. मग पुन्हा वाचलं आणि बूड टेकून बसले. अरे, तुला "बरं" म्हणायला कधीपासून यायला लागलं? लहानपणी आई जेवायला हाक मारायची तरी तू आधी "का?" विचारायचास. मी सव्वीस वर्षं तुझ्या मागे लागले आहे की ते वाळवंटातलं डबकं सोड आणि माणसांत ये, आणि तू सव्वीस वर्षं मला उडवून लावलंस. आता एका शब्दात येतोस?

असो. तुझ्यासाठी मागची खोली रिकामी करते आहे. माझं शिवणयंत्र बाहेर काढलं, त्याने कंबर धरली. तू येणार म्हणून मला बरं वाटतं आहे, ते लपवत नाही. तुझे भाऊजी गेल्यापासून या घरात मी रेडिओशी भांडते.

खोकं मिळालं. अजून उघडलेलं नाही, धीर होत नाही. सावकाश उघडेन.

नाताळचं झाड आणलंस का? आण. कुणासाठी आणू असं विचारू नकोस. आण, उभं कर, आणि सणानंतर तुमच्या त्या माशांना देऊन टाक. आणि रडलास का ते कळव. नसलास तर तेही कळव.

आशीर्वाद भरपूर आहेत, पाठवायला जागा कमी पडते.
तुझी,
हर्मिनियाताई

सोताल
११ जानेवारी १९८७

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

झाड आणलं, उभं केलं, काल बुडवलं. रडलो नाही.

काल आमचा झाडं बुडवायचा शनिवार होता. तू एकदाच आली होतीस आणि बोटीत बसल्याबरोबर उलटी करून उतरलीस, म्हणून तुला पुढचं माहीत नाही. आमच्या धरणाचा तळ म्हणजे नुसता खडक आणि वाळू. पिल्लांना लपायला काडी नाही, मोठे मासे त्यांना वेचून खातात. म्हणून सहा जानेवारीचा तीन राजांचा सण झाला की गावातले सगळे आपापलं नाताळचं झाड धक्क्यावर आणून देतात. झाडाची चमकी काढायची, कॉफीच्या डब्यात सिमेंट भरून ते बुंध्याला बांधायचं, आणि सिमेंट ओलं असताना खिळ्याने त्यावर आपलं नाव कोरायचं. यंदा त्रेचाळीस झाडं आली. माझ्या डब्यावर मी काही कोरलं नाही.

दरवर्षी ओतिलिया पुढच्या फळीवर वही घेऊन बसायची. मी वजन बांधलेला दोर सोडून खोली मोजायचो आणि आकडा ओरडायचो. ती वहीत काहीतरी लिहायची आणि मग म्हणायची, चालेल. नाहीतर म्हणायची, अजून पुढे. किती पुढे नेऊन दमवायची मला! मी म्हणायचो की राणीसाहेब बसल्या बसल्या हुकूम सोडतात. यंदा इंजिनावर वेंडेल होता. मी दोर सोडला, चौदा फूट म्हणून ओरडलो आणि थांबलो. कुणी काही बोललं नाही. मग मी झाड सोडलं. उन्हाळ्यात क्रॅपी मासे आमच्या झाडांत बारा-चौदा फुटांवरच लागतात, म्हणजे खोली बरोबरच. असं करत त्रेचाळीसही झाडं एकाच खाडीत टाकून झाली.

एरवी संध्याकाळ होते. काल दुपारच्या जेवणाआधी संपलं. वेंडेल म्हणाला की ओतिलिया नसल्याने काम झटपट उरकलं, आणि लगेच त्याने जीभ चावली. मी त्याला म्हटलं की मला काही वाटलं नाही. खरंच वाटलं नाही, ताई.

तुझ्या लोभाची सवय आहे, ती मोडू नकोस.
सेल्सो

लास क्रूसेस
१२ जानेवारी १९८७

चि. सेल्सो यास,
अ. उ. आ.

तुझ्या पत्राची वाट न बघताच लिहिते, कारण काल खोकं उघडलं आणि आज दिवसभर दुसरं काही सुचलेलं नाही.

पाककृती वाचून रडले ते सांगत नाही. पण ती झाडांची वही! तू म्हणालास आकडे पाठ आहेत, पण हे कुठले आकडे? प्रत्येक ओळीत आधी एक आकडा, मग वजा अठरा, मग उत्तर. "एकतीस, वजा अठरा, तेरा. चालेल." पुढच्या ओळीत बघ: "पंधरा, वजा अठरा. कोरडं. पुढे न्यायला सांगितलं. कुरकुरला." हे "कुरकुरला" मी मोजलं, एका वर्षात अकरा वेळा आहे. हसून हसून पोट दुखलं. बिचारीने सगळी नोंद ठेवली आहे तुझी!

पण हे अठरा काय प्रकरण आहे? पहिल्या वर्षी सतरा आहे, एका वर्षी वीस, बाकी बहुतेक अठराच. झाडाची उंची आहे का? मला पाण्यातलं काही कळत नाही, जरा समजावून सांग. तुला सांगण्यासारखं काहीतरी मिळालं म्हणून मला आनंद झाला आहे.

रडलास का?

इथे सगळं ठीक, तुझीच काळजी. ती मला करू दे.
हर्मिनियाताई

सोताल
१७ फेब्रुवारी १९८७

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

तुझी मधली दोन पत्रं मिळाली, फोनही ऐकू आला. उचलला नाही, माफ कर.

अठरा म्हणजे काय ते सांगतो. फेब्रुवारीत खालच्या कापसाच्या शेतांना पाणी सोडायला सुरुवात होते, ते ऑगस्टपर्यंत चालतं. तेवढ्यात धरण अठरा फूट उतरतं. जानेवारीत जिथे चौदा फूट पाणी असतं, तिथे उन्हाळ्यात सरडे फिरतात. झाड एकतीस फुटांवर टाकलं तर उन्हाळ्यात त्याच्यावर तेरा फूट राहतं, आणि मग मला क्रॅपी तिथे तेरा फुटांवर मिळतात. सव्वीस वर्षं मी समजत होतो की खोली मला कळते. मला दोर सोडता येत होता. कळत तिला होतं.

यापुढचं लिहायला लाज वाटते. हे मला आज कळलेलं नाही. तुझं वहीचं पत्र आलं त्याच दिवशी, टपालपेटीपाशी उभ्या उभ्या कळलं. मी पत्र खिशात घातलं, घरी आलो, घेवडा गरम केला आणि खाल्ला. वेंडेलला सांगितलं नाही. तेव्हा झाडं काढता आली असती. सांगेन म्हटलं आणि उठलोच नाही. पाच आठवडे.

यंदा पाणी भराभर सोडलं, आठ फूट गेलं. रविवारी चर्च सुटल्यावर लोकांना पुलावरून शेंडे दिसले. त्रेचाळीस शेंडे पाण्याबाहेर, ओळीने. बेकरीवाल्या मिसेस ओल्डहॅमनी राहिलेल्या चमकीवरून आपलं झाड ओळखलं. लोक माझ्याकडे बघायला लागले. तेव्हा वेंडेल सगळ्यांसमोर म्हणाला की चूक त्याची, इंजिन त्याच्याकडे होतं, बोट वाहत किनाऱ्याकडे गेली ते त्याच्या ध्यानात आलं नाही. आणि ताई, मी तेव्हाही गप्प उभा राहिलो.

घरी येऊन जेवण जाईना. चार महिन्यांत पहिल्यांदा मला काहीतरी वाटत होतं, आणि ती शरम होती. काल त्याच्या दारात जाऊन सगळं सांगितलं. त्याने मला गाढव म्हटलं, बराच वेळ म्हटलं. मग म्हणाला की एप्रिलमध्ये पिल्लं निघतील, त्याआधी झाडं खोल पाण्यात गेली नाहीत तर यंदाचं साल मातीत. लोखंडी आकडा लावून ती ओढून नेऊ, २८ तारखेच्या शनिवारी, किती वाजता यायचं ते सांग. दुसऱ्या दिवशी, एक मार्चला, बोटीचं गिऱ्हाईक येणार आहे. म्हणजे बोट तेवढ्यापुरती आहे.

वही परत पाठव.

लोभ असू दे. राग आला तर तोही कळव.
सेल्सो

लास क्रूसेस
२१ फेब्रुवारी १९८७

चि. सेल्सो यास,
अ. उ. आ.

राग आला आहे. पाच आठवडे! मी इथे हसत वहीतली कुरकुर मोजत होते आणि तू तिथे घेवडा खात होतास. वेंडेलला माझा नमस्कार सांग, आणि केकची चूक मी आजपासून माफ केली असं सांग.

आता माझं ऐक. तुझं ते "बरं" आलं तेव्हाच मला कळलं होतं की हे बोलणारा माणूस जागेवर नाही. कळूनही मी खोली रिकामी केली, कारण मला सोबत हवी होती. तू धरणाची चूक कबूल केलीस, तर मी ही करते. तुला यायचं असेल तर ये. मी म्हणते म्हणून येऊ नकोस.

वही सोबत पाठवते आहे. शेवटच्या पानाबद्दल मी तुला काही लिहिलं नाही आणि आताही लिहीत नाही. ते घरात उघडू नकोस. बोटीत उघड, तिच्या फळीवर बसून.

रडलास का, हे या वेळी विचारत नाही.

जप स्वतःला. मला तू एकच भाऊ आहेस.
हर्मिनियाताई

सोताल
२ मार्च १९८७

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

शनिवारी आठ वाजता सुरुवात केली. थंडी होती, दोर ओला, हाताला काही कळत नव्हतं. आकडा टाकून झाड धरायचं, बोटीने हळूहळू ओढत खोल पाण्यात न्यायचं. दोन मोडली. मिसेस ओल्डहॅम पुलावरून बोट दाखवून सूचना करत होत्या, कुणाला ऐकू येत नव्हत्या.

पहिल्या झाडाला दोर सोडला, पंधरा फूट म्हणून ओरडलो आणि सवयीने थांबलो. मग वही काढली, पण अठरा लावून चालणार नव्हतं. आठ फूट आधीच गेलं होतं आणि मग पाणी सोडणं थांबलं होतं, राहिले दहा. वजाबाकी माझी मलाच करावी लागली. पंधरा वजा दहा, पाच. उथळ. मी स्वतःलाच म्हटलं, अजून पुढे. वेंडेल लगेच कुरकुरला. ते मी वहीत लिहून ठेवलं.

चोविसावं झाड सोडून झाल्यावर कॉफीला थांबलो. मी तिच्या फळीवर बसून शेवटचं पान उघडलं. गेल्या वर्षीच्या जानेवारीचं. अक्षर हललेलं आहे, तेव्हा तिला बरं नव्हतं आणि मी तिला थंडी वाजते आहे असं समजलो होतो. लिहिलं आहे: "शेवटचं झाड. एकतीस, वजा अठरा, तेरा. चालेल. हे त्याला एकदा शिकवायला हवं. पुढच्या वर्षी शिकवू."

एवढंच आहे. तू वाचलंच आहेस.

काल बोटीचं गिऱ्हाईक आलं, त्याला कॉफी पाजून परत पाठवलं. मी ईस्टरला तुझ्याकडे येतो, आठ दिवस. शिवणयंत्र जागेवर ठेव, उचलायला कुणाला तरी बोलव.

आणि तू या वेळी विचारलं नाहीस, तरी कळवतो. रडलो. शनिवारी, साडेअकराच्या सुमारास, बराच वेळ. वेंडेल पाठ करून भरलेल्या कपात पुन्हा कॉफी ओतत राहिला. मग राहिलेली सतरा झाडं टाकली.

लोभ आहेच, आता तो मला कळतोही.
तुझा,
सेल्सो