मी नसताना दुकानात बसणारा

डिलाईल रोड, मुंबई

ती. स्व. आत्यास हेरंबचा साष्टांग नमस्कार.

कुडाळला सगळी मंडळी खुशाल असतील असं धरून चालतो. इथे मी बरा आहे. (म्हणजे हे पत्र लिहिणारा बरा आहे. असं का लिहितोय ते पुढे कळेल.) तुझी सून प्राची तर हल्ली फारच आनंदात असते, आणि मला त्याचीच धास्ती वाटते.

अप्पांच्या मागे दुकान माझ्याकडे आलं, पण माणसं काही माझी झाली नाहीत. शाळांच्या गॅदरिंगना आणि नाटकांना पोशाख भाड्याने देणं हा तसा हसरा धंदा. पण आमच्याकडे चंपा शिवणयंत्रावर तोंड फुगवून बसायची, भिवा इस्त्रीवर राग काढायचा, आणि मी दोघांवर ओरडायचो. गेल्या वर्षी एका शाळेला अफझलखानाची दाढी जिजाऊंच्या पेटीत गेली, तेव्हा तर मी इतका ओरडलो की समोरच्या चाळीतले लोक गॅलरीत आले. शेवटी प्राचीने तिच्या लोअर परळच्या ऑफिसशेजारी चाललेल्या नेतृत्व आणि उद्योजकतेच्या शिबिरात माझं नाव घातलं.

शिबिर घेणारे हितेंद्र सर इतकं हळू बोलतात की सगळा हॉल पुढे वाकून ऐकतो. मालक नसला की थांबतो तो धंदा नव्हे, म्हणाले. मालक दुकानात नसतानाही दुकानात असला पाहिजे. मला पटलं. मग त्यांनी सगळ्यांना डोळे मिटायला लावले. आपल्या खुर्चीत, आपल्याला जो माणूस व्हायचं होतं तो बसलाय असं बघा. आत्या, मला तो लगेच दिसला. माझाच चेहरा, माझाच चष्मा, फक्त खांदे सैल. त्याने मान वर करून माझ्याकडे बघितलं. आता त्याला उठवा आणि आपल्यात परत घ्या, असं सर सांगत होते, तेवढ्यात माझा फोन वाजला आणि मी बाहेर गेलो. (विमा विकणारी बाई होती.) परत आलो तर सगळे डोळे उघडून चहा पीत होते. एवढ्याशा गोष्टीसाठी कुणाला काय विचारायचं, म्हणून मीही चहा घेतला.

दुकानात पोचलो तर चंपा गुणगुणत होती. चंपा! मला म्हणाली, "तुमी सांगलास तसा मुकुटांका आतसून मऊ कापड लायलंय. आता पोरांच्या कपाळाक टोचाचा नाय." मी असं काही सांगितलं नव्हतं. पण कल्पना चांगली होती, म्हणून मान डोलावली. (दुसऱ्याचं श्रेय घेणं मला कुठल्याच शिबिरात शिकावं लागलं नाही.)

मग हे वाढत गेलं. मी दादरला झालर आणायला जावं आणि परत आल्यावर कळावं की बायकोला दवाखान्यात न्यायला मी भिवाला सुट्टी दिली. पोशाखाबरोबर तो नेसवायला माणूसही पाठवायचा, हे मी ठरवलं, आणि शिवडीपर्यंतच्या शाळा आमच्याकडे यायला लागल्या. माझी खुर्ची दर वेळी ऊबदार लागायची. कपात अर्धा चहा असायचा, बिनसाखरेचा. मी साखरेशिवाय चहाला शिवत नाही.

एका दुपारी बाहेर जातो म्हणून निघालो आणि मागच्या दाराने येऊन राजांच्या अंगरख्यांमागे लपलो. तिथून फक्त खुर्चीची पाठ दिसत होती. भिवा आणि चंपा खुर्चीकडे बघून हसत-बोलत होते. मग खुर्चीच्या बाजूने एक हात आला आणि त्याने कप उचलला. बोटात माझीच अंगठी. अगदी हळू आवाजात तो म्हणाला, "भिवा, तिकडे कपड्यांमागे उकडत असेल रे. पंखा जरा तिकडे वळव."

भिवाने लगेच पंखा वळवला. अंगरखे हलले, आणि तो गार वारा माझ्या घामेजल्या मानेवर आला.

मी धडपडत बाहेर आलो. खुर्ची रिकामी. चंपाने माझ्याकडे पाहिलं, गिऱ्हाइकाकडे बघावं तसं, आणि स्टूल पुढे करत म्हणाली, "शेठ आत्ताच गेले हां. बसा, येतीत इतक्यात."

आत्या, मी बसलो. दुसरं काय करणार?

हितेंद्र सरांना गाठून सगळं सांगितलं. वाटलं हसतील. ते आणखी हळू आवाजात म्हणाले, "त्याला परत घेतलंच नाहीत? मग आता त्यालाच विचारा, तो तुम्हाला घेतोय का." परवा मी तेही केलं. खुर्चीसमोर उभा राहून म्हटलं, बाबा रे, मला घे. चंपाचं यंत्र थांबलं. खुर्ची जरा करकरली, कुणी अवघडून सरकावं तशी.

तुला फोन केला तो याच्यासाठीच. तर तू म्हणालीस, आत्ताच तर तासभर बोललास, किती गोड बोललास रे! तेव्हापासून फोनला हात लावलेला नाही.

सर्वांना नमस्कार.

तुझा भाचा,
हेरंब

ता. क. खरं काम राहिलंच. मी थोडे दिवस तुझ्याकडे राहायला येऊ का? दारात आलो की आधी माझ्यावर ओरडून बघ. उलट ओरडलो तर समज, तो मीच.

ता. क. २. आत्या, भिवा हे पत्र टाकायला निघाला होता, मी म्हटलं दे इकडे, मीच टाकतो. न विचारता वाचलं, माफ कर. मोतीबिंदू काढल्यापासून तुला बारीक अक्षर त्रास देतं ना, म्हणून मी मोठं लिहितोय. त्याने लिहिलंय ते सगळं खरं आहे. तो आला की त्याच्यावर ओरडू नकोस, फार दमलाय. त्याला तिकडेच ठेवून घे. इथलं मी बघतो. आणि दार उघडशील तेव्हा घाबरू नकोस. हल्ली तो जरा पुसट दिसतो.