शिडीचा डावा पाय

क्वीन्सटाऊन, ३ मे

ती. ग्लेनिसताईस,
धाकट्या रेक्सचा सा. न. वि. वि.

माझ्या हातांनी आजवर झालेल्या वस्तू: स्वयंपाकघरातली चूल, दोन होड्या (एक तरंगते), आईच्या खोलीचं छप्पर, तुझ्या लग्नातलं टेबल, आणि आता एक व्हिडिओ गेम. तोही कुणाकडे न शिकता. फोनवर सांगितलं असतं तर आपलं भांडण झालं असतं, म्हणून आईच्या नियमाप्रमाणे पत्र.

एक बाई, एक शिडी आणि गावामागचा आपला बोडका डोंगर, एवढाच गेम. उजव्या अंगठ्याने शिडीचा उजवा पाय उचलायचा, डाव्याने डावा, आणि वर उभं राहूनच शिडी चालवत न्यायची. तोल गेला की थेट खाली, पबच्या दारात. मधे थांबा नाही. ओला दगड किती घसरतो हे मी अंदाजाने ठरवलेलं नाही. बाबांची शिडी डोंगरावर नेऊन, मासे तोलायच्या काट्याने दोन्ही पायांची ओढ वेगवेगळी मोजली. शेजारीणबाईंनी विचारलं, डोंगर विकत घेतोयस का.

मेलबर्नच्या एका कंपनीला गेम हवा आहे, पण त्यांच्या मते हा डोंगर माणसाला चढताच येत नाही. मधे थांबे घाला, म्हणजे पडलेला तिथूनच उठेल, म्हणतात. महिनाअखेर उत्तर द्यायचं आहे. मीच चढून दाखवला असता, पण सध्या अंगठा दुखतो. खेळायचं यंत्र सोबत पाठवलं आहे, तू चढून बघ. मर्व्ह दाजींना नमस्कार. माया आहे तशी ठेव.

तुझा,
रेक्स

बर्नी, ११ मे

चि. रेक्स यास,
अनेक उत्तम आशीर्वाद, आणि एक शिवी. ती भेटीत देईन.

त्या बाईच्या अंगात माझा निळा गाऊन आहे. चालही माझीच. मर्व्ह इतका हसला की त्याला ठसका लागला. शिवाय पडलं की पडद्यावर आईचं वाक्य: घाई कुणाला झाली होती? साठीला आलेल्या बाईला मेलेल्या आईकडून दिवसभर बोलणी खायला लावतोस, लाज नाही वाटत?

काल पाण्याच्या टाकीपर्यंत पोचले होते. तेवढ्यात मर्व्हने मोहरीची बाटली कुठे आहे विचारलं, आणि मी पबच्या दारात. त्याने खेळायचं यंत्र फ्रीजरमध्ये मटणाखाली लपवलं. मी काढलं, गार हातांनी खेळले, पुन्हा पडले. हा खेळ नाही, शिक्षा आहे. आज जेवण झालं की पुन्हा बसणार आहे.

तुझा अंगठा शाळेतही परीक्षेच्याच दिवशी दुखायचा. औषध लाव, आणि आमची आठवण काढत जा.

ग्लेनिस

क्वीन्सटाऊन, १९ मे

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

मस्करी पुरे. कंपनीच्या माणसाने आणखी एक दोष काढला. म्हणतो, शिडीचा डावा पाय उजव्यापेक्षा जास्त घसरतो. मी तपासलं. खरंच घसरतो. माझ्या कामात अशी चूक, आणि ती दुसऱ्याने दाखवावी! दोन दिवस जेवण गोड लागलं नाही. आता वाटतं, मी डोंगर नाही, नुसता खड्डा बांधला. दोन्ही पाय सारखे करतो, थांबे घालतो, आणि देऊन टाकतो. गेमवर माझं नाव नको म्हणून सांगेन. तूही आता अंगठे झिजवू नकोस. जीव लावतेस, तो लावत राहा.

रेक्स

बर्नी, २७ मे

चि. रेक्स,
आशीर्वाद नंतर, आधी ऐक.

अरे शहाण्या, ती बाबांची शिडी आहे. तिच्या डाव्या पायाचं रबर आपल्या लहानपणीच झिजलंय. सफरचंदं काढताना बाबा ओरडायचे ते विसरलास? "डावा टेकव, पण भरवसा उजव्यावर ठेव." काट्याने मोजलंस, आकडे जसेच्या तसे घातलेस, आणि आता त्यांनाच चूक म्हणतोस. तुझं पत्र वाचलं आणि माझे हात आपोआप जुन्या सवयीने चालायला लागले. टाकी मागे पडली. खाणीचं तोंड मागे पडलं. मर्व्हने काही विचारू नये म्हणून त्याला कोंबड्यांकडे पाठवलं होतं.

मी वर पोचले, रेक्स.

आईचं मागचं दार. किटली. बाईने शिडी भिंतीला टेकवली. मला वाटलं, आता तरी म्हातारी शाबास म्हणेल. अक्षरं आली: पाय पुसून आत ये.

मर्व्ह आला आणि काही न विचारता चहा ठेवला.

आपल्या गावच्या फुटबॉल मैदानावर गवत नाही, खडी आहे. बाहेरचे संघ गुडघ्यांना पट्ट्या बांधून येतात, तरी येतात. तिथे गवत लावायला निघालेल्याला बाबांनी काय सुनावलं असतं, ते तुला माहीत आहे. आता तूच ठरव. आशीर्वाद आहेतच.

ग्लेनिस

क्वीन्सटाऊन, ३० मे

ती. ताईस,
सा. न., आणि या वेळी खरोखर वाकून.

तू पहिलीच. अंगठा बरा आहे. कधी दुखतच नव्हता. मी अजून टाकीपाशीच पडतो. वरचं दार मी बांधलं, पण तिथे स्वतः चढून कधी गेलो नाही. आता डावा टेकवून, भरवसा उजव्यावर ठेवून बघतो. गाऊन मात्र निळाच राहील.

मेलबर्नला कळवलं: थांबे होणार नाहीत, डावा पाय घसरणारच. ते पंच्याऐंशी हजार डॉलर देत होते.

तुझा,
रेक्स