हात कशाला म्हणायचं

नौपाडा, गुरुवार

प्रिय ऋजुता,

फोनवर तू रडायला लागलीस की मला काही सुचत नाही, म्हणून लिहितेय. बाळाच्या डाव्या हाताला दोनच बोटं आहेत, त्याला हात म्हणायला जीभ रेटत नाही, असं काल म्हणालीस. रविवारी बारशाला तो दुपट्यात घट्ट गुंडाळून ठेवायचा, हेही तू नि अनिमेषरावांनी ठरवलंय. आधी तुझ्या जिभेचं बघू. जन्मभर प्राणिशास्त्र शिकवलंय, जित्याची खोड!

हात कशाला म्हणायचं, हा प्रश्न फार जुना आहे. वटवाघूळ पंखांनी उडतं, देवमासा परांनी पोहतो, घोडा तर एकेका बोटावर धावतो. पण कातडीखाली सगळ्यांचं तेच: वर एक हाड, पुढे दोन, मग मनगटाची बारीक हाडं, मग बोटं, असतील तेवढी. या नात्यासाठी अभ्यासकांनी ग्रीकमधून शब्द घेतला, होमोलॉगस. मूळ अर्थ, एकमेकांशी जुळणारं, एकमताचं. गंमत म्हणजे शब्द आधी रुळला. पूर्वज एक म्हणून हे जुळतं, हे कारण मागाहून पटलं. मराठीत आपण समजात म्हणतो. माझ्या वर्गातली पोरं बोटं मोजून अवयव ओळखायला जायची आणि घोड्यापाशी हमखास चुकायची. अगं, बोटं मोजायचीच नसतात. तो कुठून फुटलाय, कुठल्या हाडाला लागून आहे, ते बघायचं.

तुझ्या लेकीचा एक्स-रे मी खिडकीशी धरून पाहिलाय. तो हात आहे. परवा कोपरला तुझ्या घरी आले तेव्हा तिने त्याच दोन बोटांनी माझी करंगळी धरली, सोडेचना. तान्ह्या बाळाची ती प्रतिक्षिप्त क्रिया असते, माया नव्हे, हे मी दरवर्षी शिकवायचे. तरी मला भरून आलं.

आता लिहिण्याचं खरं कारण. आजोळच्या मनगट्या आजीने करायच्या, म्हणून काल सोनाराकडे गेले. तर त्याला तुझा फोन येऊन गेलेला, एकच करा म्हणून. मी जोडी करायला सांगून आलेय. रविवारी पाळण्यापाशी, सगळ्या बायकांसमोर, डाव्या हातात आधी घालावी असं माझ्या मनात आहे. तू तिची आई आहेस, नको म्हणालीस तर थांबेन. पण ऋजू, मला तुझी लेक फार आवडते गं. दोन्ही हातांसकट.

तुझीच,
आई