अर्धवट शहराचा फोटो

१४ जून १९९८, रवि.
माधूचा फोन आला तसे हे उठून परसात गेले. दर रविवारी हेच. पोरीला पुण्याला नोकरीवर जाऊन नऊ महिने झाले, बापलेकीचं बोलणं बंद. ह्यांनी कारखान्यातून व्हीआरएस घेतली तेव्हा ती बोलून गेली, "अप्पा, तुमचं दोन दिवसांचं ड्रॉइंग कॉम्प्युटर तासात करतो." खोटं नव्हतं. पण तीस वर्षं ड्रॉइंग बोर्डापुढे उभा राहिलेला माणूस...

१७ जून, बुध.
शाळेच्या ऑफिसातून आले तर हे माधूच्या कॉम्प्युटरपुढे. तिचा तो शहर बांधायचा खेळ लावलेला. म्हणे, धूळ पुसत होतो. धूळ पुसायला चष्मा कशाला लागतो? कॉफी ठेवली.

२५ जून, गुरु.
आता लपवत नाहीत. आधी ग्राफ पेपरवर रस्ते आखतात, मग पडद्यावर. जेवताना सांगत होते, टेकडीखालून पाण्याची लाइन कशी वळवली. वर्षभरात इतकं बोलले नव्हते. शहर खरंच देखणं झालंय. माधूने बघायला हवं.

२७ जून, शनि.
हे कटिंगला गेले तेवढ्यात कपाटातला ह्यांचा जुना कॅमेरा काढून पडद्याचे चार फोटो घेतले. उरलेला रोल शेजारच्या बारशाला संपवला.

१ जुलै, बुध.
चारही वाया. दोनांत नुसता फ्लॅशचा पांढरा गोळा, दोनांत आडवा काळा पट्टा. इथल्या शिवाजीनगरचे कानडी स्टुडिओवाले हसले नाहीत, नीट सांगितलं. "फ्लॅश बेड, नको, अक्का. पडदे ओढा, कॅमेरा पुस्तकांवर ठेवा, शटरची चकती पंधरावर. स्वल्प श्वास धरा." लिहून आणलं.

८ जुलै, बुध.
जमलं! एक अगदी स्वच्छ आलाय. ह्यांना न सांगता पोस्टात टाकला.

१५ जुलै, बुध.
माधूचं पत्र नेमकं ह्यांच्या हाती पडलं. फोटो पोचायला तीन दिवस लागले म्हणे. लिहिलंय, अप्पांचं शहर ऑफिसात टेबलासमोर लावलंय, येणारा-जाणारा थांबून बघतो. फक्त उजवीकडचा भाग अंधारात का?
फोटो काढला त्या दिवशी खेळातल्या शहरात तिकडे वीज पोचलीच नव्हती. मला मेलीला काय कळतंय. पाठवला म्हणून रागावले नाहीत. एवढंच म्हणाले, "अर्धवट काम टेबलावरून हलवायचं नसतं. तिच्या ऑफिसात माझं अर्धवट काम लागलंय." जेवले पण नाहीत नीट.
चूक माझीच. चांगलं करायला गेले...

१९ जुलै, रवि.
फोन आला. आज परसात गेले नाहीत, पेपर धरून बसले. पान काही उलटेना. मी माधूला सगळं सांगितलं. ती म्हणाली, कॅमेरा नको आई, कीबोर्डवर एक बटण आहे, प्रिंट स्क्रीन. ते दाबायचं नि पेंट प्रोग्रॅममध्ये चिकटवायचं, पडदा जसाच्या तसा येतो. कॅलेंडरच्या मागे उतरवून घेतलं.
फोन ठेवल्यावर पेपराआडून आवाज, "काय लिहीत होतीस?"
कॅलेंडरच पुढे केलं.

२२ जुलै, बुध.
तीन दिवस त्या उजव्या बाजूवर बसलेत. आता तिकडे वीज, बाग, शाळा. बटण पहिल्या झटक्यात जमलं. माझ्याकडे असं बघितलं, जणू मीच खेळ लिहिलाय.

२४ जुलै, शुक्र.
फ्लॉपी घेऊन स्वतः शिवाजीनगरला जाऊन रंगीत प्रिंट काढून आणला. पहिला प्रिंट, हिरवा रंग बरोबर नाही म्हणून, दुकानातच नाकारला. घरी येऊन शाईचं पेन काढलं, खाली उजव्या कोपऱ्यात चौकट आखली, कारखान्यातल्या ड्रॉइंगवर असायची तशी. त्यात तारीख. 'रेखाटन', पुढे ह्यांची सही. त्याखाली 'तपासणी', पुढे कोरं.
विचारलं, इथे सही कुणाची?
"तुझ्या मुलीची. चुका असतील तर दाखवू दे."
पत्र नाही, चिठ्ठी नाही. दोन पुठ्ठ्यांत घालून स्वतः पोस्टात देऊन आले.

२५ जुलै, शनि.
पुण्याला टपाल किती दिवसांत पोचतं, सकाळपासून दोनदा विचारलं. सांगितलं, तीन. मग म्हणाले, नि तिकडून परत यायला?
ते मी कशी सांगू.