टॉवेल काय म्हणतो?

६ ऑक्टोबर

रेडिओवर सांगितलं — डोंगराळ भागात यंदाचा शरद कोरडा जाईल, खिंडीतला रस्ता महिनाअखेरपर्यंत खुला राहील, मात्र काही ठिकाणी बर्फ लवकरही पडू शकेल. दोन्हीकडून सोय करून ठेवली की रेडिओवाल्याने!

बबीचा फोन. "आई, खिंड बंद व्हायच्या आत तुला न्यायला येते. सामान बांध. आणि यंदा 'बघू' म्हणायचं नाही!"

हे गेल्यानंतरचा पहिलाच हिवाळा. एकदा बर्फ पडला की वसंतापर्यंत इथे कोणी येत नाही, इथून कोणी जात नाही. एकटीने राहू नये हे मलाही कळतं. हो म्हटलं. नंतर देवापुढे बसले, पण जपात लक्ष लागेना.

९ ऑक्टोबर

लाकूडवाला आला. दरवर्षीसारखी घासाघीस करून हिवाळ्याची लाकडं घेतली, रचून घेतली. निघताना म्हणतो, "वहिनी, तुम्ही लेकीकडे चाललात ना? मग ही लाकडं काय उशाला नेणार?"

कपाळावर हात मारला. परत ने म्हटलं तर हसतच गेला. हा खर्च कशात मांडू? वहीत 'सवय' असं लिहिलं.

१२ ऑक्टोबर

सामान बांधलेलं नाही.

१५ ऑक्टोबर

काल रात्री न ठरवताच ओला टॉवेल बाहेर दोरीवर टाकला. हे खिंडीतून बस न्यायचे तेव्हापासूनचा हा नेम. पहाटे आतून ओरडायचे — "टॉवेल काय म्हणतो?" गोठून कडक झाला असेल तर रस्ता निसरडा, चाकांना साखळ्या लावायच्या. मी दारात जाऊन सांगायचे, "मऊ आहे हो!" की हे निघायचे.

एकदा बबीने टाकला, तो असा ताठला की ह्यांनी भिंतीला टेकवून उभाच केला. "या पाहुणे, बसा! अरेच्चा, ह्यांना बसता येत नाही वाटतं!" बबी हसून हसून लोळली होती.

तिला नर्सिंगला खाली मीच धाडलं. "या डोंगरात कुजू नकोस. परत यायचं नाव काढशील तर याद राख!" पोरीने ऐकलं.

टॉवेल मऊ.

१९ ऑक्टोबर

बबी या रविवारी येणार होती, आता पुढच्या म्हणते. दवाखान्यात काम आहे म्हणे. म्हटलं, सावकाश ये, टॉवेल अजून मऊच आहे. तर फोनवर खो खो हसली!

"आई, अजून पिळूनच टाकतेस ना?"

मग काय पाणी गळत टाकू?

"अगं, बाबा डेपोत सगळ्यांना सांगायचे — आमच्या हिने पिळलेला टॉवेल बर्फात पुरला तरी कडक व्हायचा नाही! साखळ्या ते रोजच लावायचे."

रोज! मग मला एवढी वर्षं गारठ्यात दारात कशाला उभं करायचे? दुपारभर रागावून होते. मग भांडी घासताना आठवलं — मी दारात आले की हे वळून एकदा बघायचे. मगच निघायचे.

२५ ऑक्टोबर

अंदाज बदलला! आज रात्रीपासून जोराचा बर्फ. आणि बबी नेमकी शेवटच्या बसने हजर, हातात ही मोठी बॅग.

"अगं, रेडिओ ऐकला नाहीस? अडकशील ना!"

"ऐकला ना. चहा टाक आधी."

घाईने सामान बांधायला घेतलं. ह्यांचा फोटो पिशवीत ठेवला. काढला. परत ठेवला.

२६ ऑक्टोबर

खिंड बंद. पहाटेची बस सुटलीच नाही. मी वेळेवर बांधाबांध केली असती, तर पोर काल परत फिरलेल्या त्याच बसने मला घेऊन गेली असती. आता तिची नोकरी? देवा, माझ्या रेंगाळण्यापायी लेकराचं नुकसान नको रे! तिला काहीच नाही. लाकडं आत घेत गुणगुणते आहे.

२७ ऑक्टोबर

बबीची बॅग उघडली. तळाशी लोकरीचे कपडे, वर इस्त्रीचे पांढरे गणवेश. सोमवारपासून इथल्याच दवाखान्यात! बदली मागून घेतली आहे. "आधी सांगितलं असतं तर तू मला पहिल्या बसने परत पाठवलं असतंस. म्हणून बर्फाची वाट बघत होते."

ह्यांचा फोटो परत भिंतीवर. रात्री टॉवेल तिने टाकला. मला पिळू दिला नाही.